बाबांचा डावा कान

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलापाशी नाही. विहारात इतकी वर्षं जातो. वंदना झाली की थोडा वेळ डोळे मिटून बसतो — तेव्हा मनातल्या मनातसुद्धा मी हे कधी पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही. अर्धं म्हणतो, आणि मग मला दुसरंच काहीतरी आठवतं. विजेचं बिल. मुलाचा फोन. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं कदाचित जमेल. कदाचित नाहीही जमणार. बघू.

मी भिलाईत राहतो. जुनवानीकडे स्वतःचं घर आहे, खाली दोन खोल्या, वर एक. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी आहे. आमच्या सगळ्या भावकीत बी.कॉम. झालेला मी पहिला. हे मिरवायला सांगत नाही. माझी शाळा आमगावच्या बाजूला एका खेड्यात झाली. एकच गुरुजी दोन वर्गांना शिकवायचे; ते पलीकडच्या वर्गात असले की आम्ही जोरात पाढे म्हणायचो, म्हणजे त्यांना वाटावं आम्ही अभ्यास करतोय. तिथून मी इथवर आलो तो वडिलांमुळे. माझी सायकल, माझी पुस्तकं, दुर्गच्या कॉलेजची फी, सगळं त्यांच्या अंगमेहनतीचं. त्यांचे उपकार मी कधी विसरलो नाही. खरंच विसरलो नाही. मग जे केलं ते कसं केलं? — पण थांबा, आधी त्यांच्याबद्दल सांगू द्या.

बाबा फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत ते अगदी तरुण शिपाई होते. मी जन्मलो त्यानंतर काही वर्षांनी, त्यामुळे मला आठवतात ते सुट्टीवर गावी येणारे बाबा. लोखंडी पेटी, पॉलिशचा वास, आणि ती त्यांची झोपायची पद्धत. ते नेहमी उजव्या कुशीवर झोपायचे, उजवा कान उशीत दाबून. एकदा तसे झोपले की त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नसे. धाकटी बहीण रडून रडून निळी व्हायची, आणि आई म्हणायची, "गावाले आग लागली तरी हे उठाचे नाईत." बाबांच्या डाव्या कानामागे एक चट्टा होता, चिंचोक्याएवढा, गुळगुळीत. तिथे केस उगवत नसत.

लहानपणी मी एक खेळ करायचो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले की मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहायचो आणि शाळेत नव्यानं शिकलेल्या शिव्या हळू आवाजात त्यांना ऐकवायचो. ते समोर बघत सुपारी कातरत राहायचे. मग मी पळत उजव्या बाजूला जाऊन म्हणायचो, "बाबा, गोळ्या आणा ना." ते लगेच वळायचे. हे मला फार मजेशीर वाटायचं. हे मी मुद्दाम सांगतोय. बाबांचा डावा कान बंद आहे, हे मला भिलाई बघण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा.

चट्ट्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. तोफेचा गोळा त्यांच्या खंदकाजवळ पडला. कानामागे कातडं फाटलं, तिथे टाके घातले. काही दिवस कानात शिटी वाजत होती, मग शिटी बंद झाली आणि तिच्याबरोबर सगळंच बंद झालं. ते कोणाला बोलले नाहीत. जखम सगळ्यांना दिसली, कान कोणाला दिसला नाही. कानाचं सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं, आणि घरी काय होतं? दुसऱ्याच्या बांधीत, चिखलात वाकून धानाची रोवणी. म्हणून नोकरीची सगळी वर्षं ते एका कानावर फौजी राहिले. हुकूम देणाऱ्याच्या डावीकडे उभं राहायचं, म्हणजे आपला उजवा कान त्याच्याकडे येतो — ही त्यांची युक्ती. पुढे फौजेतून सुटून प्लांटमध्ये लागले तेव्हा भरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी उजव्या कानात बोट घालायला सांगितलं आणि मागून आकडे बोलले. बाबांनी बोट ढिलं घातलं. ही गोष्ट घरी आई आणि मीच असलो की हसत हसत सांगायचे. "ढिलं बोट घालूनसन्या पास झालो, लेका!"

म्हणजे त्यांनीही लपवलं होतं, असं तुम्ही म्हणाल. हो. पण त्यांनी स्वतःचा कान लपवला होता. मी जे केलं त्याला तेच नाव देता येईल का? मी देऊन पाहिलं. देता येत नाही.

आम्ही प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आलो. बाबा मिलमध्ये होते, जिथे लालभडक रूळ रोलरवरून किंचाळत जातात. त्या आवाजानं हळूहळू त्यांचा उजवा कानही उतरायला लागला. आमच्या लाइनीत हे नवीन नव्हतं. म्हातारी होत चाललेली अर्धी माणसं एकमेकांशी ओरडून बोलायची. भिलाईत कोणी बहिरा दिसला की कोणी विचारत नाही कशानं. मिल — असंच सगळे धरून चालतात.

मी तोवर पदवी घेऊन बसलो होतो. बसलो होतो हाच शब्द बरोबर आहे. परीक्षा दिल्या, शिकवण्या घेतल्या, सुपेल्याच्या एका दुकानात हिशेब लिहिला. आमच्या लाइनीत तेव्हा एकच चर्चा असायची, कामगार आजारपणामुळे कामाला अयोग्य ठरला तर त्याच्या जागी मुलाला लावून घेतात. किती खरं, किती ऐकीव, कोणास ठाऊक. पण एके दिवशी जेवताना बाबाच म्हणाले, "माहा कान तसाबी चाललाच हाये. मी घरी बसतो, तू लाग." त्यांचं काम संपायला अजून बरीच वर्षं होती. मिलमधल्या दोस्तांशिवाय त्यांना करमत नसे. तरी म्हणाले.

तपासणीच्या दिवशी मी त्यांना दवाखान्याच्या बाहेर म्हटलं, "बाबा, डॉक्टरसमोर तुम्ही काही बोलू नका. मी बोलतो."

"बोल ना," ते म्हणाले. "तुले शिकवलं कायले मंग?"

आत दोन खुर्च्या होत्या. मी डावीकडची खुर्ची ओढली. — हे लिहिलं आणि थोडा वेळ उठून अंगणात जाऊन आलो. — मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कान तपासला आणि मला विचारलं, की डाव्या कानाचा पडदा तर खूप जुना फाटलेला दिसतो, हे कधीपासून? आणि मी, लहानपणी शिव्या द्यायचो त्याच हळू आवाजात, म्हणालो, "नहीं सर, प्लांट में आने के पहले दोनों कान बिल्कुल ठीक थे. मिल में ही गया."

डॉक्टर म्हणाले, "पक्का? फौज में कुछ नहीं हुआ था?"

"नहीं सर. कुछ नहीं."

मला भीती वाटली होती. कोणी विचारलं असतं, हा माणूस आधीच बहिरा होता तर भरती झाला कसा? मग सगळं प्रकरण अडलं असतं, असं मला वाटलं. अडलं असतं का? उजवा कान तर खरोखर मिलनेच खाल्ला होता. तेवढ्यावरच भागलं असतं का? मला आजही माहीत नाही. मी कोणाला विचारलंच नाही. बाबा माझ्याकडे बघत मान हलवत होते. त्यांना एवढंच दिसत होतं की मुलगा डॉक्टरशी अदबीनं, न अडखळता बोलतोय. ते खूश होते.

मला नोकरी लागली. बाबांनी विहारात बुंदी वाटली.

इतक्यावर थांबलं असतं तर मी हे आज लिहायला बसलो नसतो. माणूस पोटासाठी एकदा खोटं बोलतो. आपण एकमेकांना एवढं माफ करतो, नाही का? मीही स्वतःला केलं. लग्न झालं, मुलगा झाला, घर बांधलं. बाबांच्या उजव्या कानाला ऐकायची मशीन बसवली. मग आई गेली. आई गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि हे मला लगेच लक्षात आलं, याचीही मला लाज वाटते, की आता तो कान कुठे गेला हे जाणणारे आम्ही दोघेच उरलो.

वैशाली नगरात एक साहू सुभेदार राहायचे, फौजेतून निवृत्त झालेले, छत्तीसगढी माणूस. बाबांची आणि त्यांची सकाळी फिरायला जाताना ओळख झाली, आणि बाबांनी त्यांना कानाची गोष्ट सांगितली. त्या लढाईला पन्नास वर्षं होत आली होती. जुन्या सैनिकांचे सत्कार चालले होते, आणि जखमींचा मान वेगळा होता. एकदा सुभेदार आमच्या दारातच बाबांना ओरडून म्हणाले, "कका, तोर कान त लड़ई म गे हे! लिखवाए काबर नइ?" कान तुझा लढाईत गेला, मग लिहून का घेतलं नाहीस? बाबा हसले. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं. त्यानंतर ते दुर्गला सैनिकांच्या ऑफिसात जायला लागले. बाहीवर इस्त्रीची घडी, छातीवर जुनी पदकं, बसचा दांडा धरून उभे. परत आले की मला सांगायचे, आज साहेब नव्हते, आज होते पण मीटिंगमध्ये होते.

मी म्हणायचो, "बाबा, आता या वयात कायले पायजे हे? पेन्शन आहे, घर आहे."

एकदा ते चिडले. क्वचित चिडायचे. "मले काही देऊ नका म्हणा. माहा कान कुठं गेला, येवढं सरकारनं सांगाव. मी लपवला तवा, माही चूक. आता नाई लपवत. मेल्यावर लोकं मले मिलचा बयरा म्हनतीन, तुले चालन?"

मी म्हणालो, चालणार नाही. आणि त्यांच्याबरोबर ऑफिसात जायचं पुढे ढकलत राहिलो. कधी सुट्टी नाही, कधी बायकोची तब्येत. बायकोची तब्येत ठीक होती.

शेवटी जावंच लागलं. साहेब भले माणूस होते. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला, कानामागचा चट्टा स्वतः उठून पाहिला. मग जरा संकोचून म्हणाले, "बाबूजी, हमने प्लांट से पुछवाया था. वहाँ तो दर्ज है कि दोनों कान मिल के शोर से गए. फौज में कुछ नहीं हुआ था. आपके बेटे ने ही बताया है." आणि माझ्याकडे वळले. "बेटा आप ही हैं न? तो सही क्या है, आप बताइए. आप लिखकर दे दें कि तब गलती हुई थी, तो मैं आगे भेजता हूँ."

बघा, किती सरळ होतं. त्यांनी दार उघडून धरलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं — हो साहेब, तेव्हा मी खोटं बोललो. माझ्या डोक्यात काय आलं सांगू? माझा विभाग. माझी खुर्ची. चौकशी लागली तर? जी नोकरी या वाक्यावर उभी आहे ती राहील? मुलाचं शिक्षण चालू होतं. मी तोंड उघडलं आणि "सर, असल में..." एवढंच बोललो. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो.

या वेळी मशीन बाबांच्या कानात होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला आज जरा बरं वाटलं असतं. हिशेब कळल्यावर माणूस बघतो तसं पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लड़का सही बोला है साहब. मिल में ही गया. हम ही गलत बोल दिए. बुढ़ापे में याद गड़बड़ा जाती है."

साहेब म्हणाले, "बाबूजी, सोच लीजिए."

"सोच लिया साहब. माफ करना, आपका टाइम लिया."

आणि मी? मी उठलो, साहेबांना नमस्कार केला, बाबांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली. मी त्यांना ते बोलू दिलं. त्यांचं बोलून झाल्यावरही वेळ होता. जिना होता, आवार होतं, फाटक होतं. कुठूनही परत वळता आलं असतं. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि त्यांचा डावा कान माझ्याकडे आला. मग पूर्ण वळून, माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "तुयी नोकरी किती राहिली अजून?"

"बरीच आहे, बाबा."

"हं," ते म्हणाले. "मंग ठीक हाये."

हा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. ते दुर्गला जायचे थांबले. पदकं पेटीत गेली. सुभेदारांनी कारण विचारलं, तर त्यांनाही तेच सांगितलं: माझ्याच आठवणीत घोळ होता. सुभेदार त्यानंतर फिरायला दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागले. फौजी माणसाला खोटी जखम सांगणाऱ्याची किळस येते. त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या विहारातही गोष्ट पोचली. एका कार्यक्रमात जेवणाच्या पंगतीत कोणीतरी ओरडून विचारलं, "काय फौजी, गोळा कोणाचा होता मंग? दुश्मनाचा का मिलचा?" पंगत हसली. बाबाही हसले, म्हणाले, "गोळा कुठचा बाप्पा, आमच्यावर त रूळच फेकले!" आणखी हशा झाला. मी वाढत होतो. माझ्या हातात वरणाची बादली होती. मी पुढच्या पानाकडे गेलो.

शेवटच्या दिवसांत बाबा फार कमी बोलायचे. मशीन लावायचा कंटाळा करायचे. मी ऑफिसातून आलो की त्यांच्या खोलीच्या दाराशी उभा राहायचो. ते उजव्या कुशीवर पडलेले असायचे, भिंतीकडे तोंड. किती वेळा वाटलं, आत जाऊन, त्यांना हलवून, समोर बसून सांगावं. काय सांगणार होतो? त्यांना तर सगळं माहीत होतं. मला फक्त ते माझ्या तोंडून निघायला हवं होतं. तेवढंही मी केलं नाही. दारावरून विचारायचो, "बाबा, जेवले का?" त्यांना ऐकू यायचं नाही, आणि मी स्वयंपाकघरात निघून जायचो.

बाबा गेले. आमच्यात पुण्यानुमोदनाला नातेवाईक, शेजारी जमतात. वंदना होते, मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. शेवटी घरातल्या कोणीतरी बोलायचं असतं. शिकलेला मी, म्हणून माइक माझ्याकडे आला. समोर गावचे लोक होते, मिलमधले त्यांचे म्हातारे दोस्त होते, माझ्या विभागातले दोन अधिकारी होते. मागच्या रांगेत साहू सुभेदार होते. आले होते. काहीही असो, आले होते.

मी चांगलं बोललो. मला बोलता येतं. गावचं घर, फौज, आईला त्यांनी लिहायला शिकवलेली सही, माझी सायकल. बायका रडल्या. आणि मग मी म्हणालो, "बाबांनी या प्लांटसाठी आपले दोन्ही कान दिले."

त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टर नव्हते, साहेब नव्हते. फौजेबद्दल बोलून मी सरळ मुलांच्या शिक्षणावर येऊ शकलो असतो. ते वाक्य तिथे नसतं तर कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नसतं. मी ते स्वतःहून घातलं. लोकांनी माना हलवल्या. सुभेदारांनी मान खाली घातली. कार्यक्रम संपल्यावर ते फोटोपुढे फूल ठेवून, सॅल्यूट न करता, नुसते हात जोडून गेले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हणालो, "काका, चाय पीकर जाइए." ते म्हणाले, "नहीं बेटा, फिर कभी." ते रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

माझ्या वडिलांचा डावा कान एकाहत्तरच्या लढाईत गेला. मिलमध्ये नाही. मला हे पहिल्यापासून माहीत होतं.